चिखलावरच्या रेघा

"तुमच्यापैकीच कुणीतरी माझं पिल्लू गिळलंय," बदकीण तळ्याकाठी सगळ्यांना म्हणाली. पशुपक्षी हिशेब तोंडीच करत, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळी पिल्लांची रांग चालली होती. ठिपकेवालं पिल्लू पुढून चौथं होतं आणि मागूनही चौथं. चार आणि चार आठ, असं बदकिणीने धरलं. आता मोजली तर सातच भरली. सगळ्यांनी बगळ्याकडे पाहिलं. बदकीण पिल्लांना घेऊन तळं सोडायला निघाली.

"थांब बाई," खेकडा म्हणाला. "आधी ती रांग काढून बघू."

त्याने चिखलात चार रेघा ओढल्या आणि चौथीवर ठिपका दिला. "ही पुढची झाली. आता मागची तू काढ."

बदकिणीने चोचीने पुढे आणखी चार रेघा ओढल्या, शेवटून चौथीवर ठिपका दिला आणि ती थबकली.

"ठिपकेवाली पिल्लं दोन आहेत का गं तुझी?"

"एकच आहे रे. त्यालाच दोनदा मोजलं मी."

तिने पायाने एक रेघ पुसली. सात उरल्या.

"दादा, माझी सगळी पिल्लं तू मला परत दिलीस," ती म्हणाली. मग तिने बगळ्याची माफी मागितली.

"राहू दे," बगळा म्हणाला. "खेकडेदादा, आजपासून तुझ्या बिळाकडे मी चोच वळवणार नाही."