नवशिक्या बगळ्याची आमिषं

नदीकाठच्या एका जंगलात एक बगळा राहत असे. त्या काठच्या बगळ्यांची मासेमारी मोठी युक्तीची, बरं का मुलांनो! पाण्यावर एखादं पीस नाही तर किडा अलगद सोडायचा, हूं की चूं न करता उभं राहायचं, आणि मासा वर आला की चोच मारायची. आपला बगळा मात्र या कामात अगदी नवशिका. लग्न होईपर्यंत त्याचं गोगलगायींवर भागलं होतं. आता बगळी पाण्यावर झुकलेल्या बाभळीवरच्या घरट्यात अंडी उबवत बसली होती, आणि बगळी झाली तरी भुकेल्या पोटात कावळेच ओरडणार! ती म्हणाली, "अहो, आज मासा मिळाला नाही, तर मला अंडी सोडून उठावं लागेल हो." वर आभाळात अंड्यांवर टपलेली घार घिरट्या घालत होती.

तो लगबगीनं आमिषं गोळा करायला निघाला. मोराचं झगमगतं पीस घेतलं, सोनकिड्याचा चकचकीत पंख घेतला, खंड्याचं निळंशार पीस घेतलं. सगळं एका करवंटीत मांडून तो मान वाकडी करकरून बघत राहिला. "वा! मासे नुसते तुटून पडतील!" फांदीवरचा कावळा म्हणाला, "अरे, शिकारीला निघालास की वरातीला?" बगळ्यानं तिकडे लक्षच दिलं नाही.

त्यानं मोरपीस पाण्यावर सोडलं. मासे फिरकलेसुद्धा नाहीत. सोनकिड्याचा पंख तर गटांगळी खाऊन तळाशीच गेला. मग खंड्याचं पीस सोडलं मात्र, मासे सैरावैरा पळत सुटले! पळतील नाही तर काय? रोज त्यांच्यावर झेप घालणारा खंड्या त्याच रंगाचा ना! बगळा रडकुंडीला आला. "माझ्यासारखा करंटा मीच," तो म्हणाला. तेव्हा वरून बगळी म्हणाली, "करंटे कसले हो! मघापासून तुम्ही त्या करवंटीत बघताय, जरा पाण्यात बघा की. इथे झाडाखाली मासे तोंड वर काढून काय टिपताहेत?"

बगळ्यानं पाहिलं. बाभळीवरून बारीक, मातकट चिलटं पाण्यावर पडत होती, आणि मासे ती मटामट गिळत होते. त्यानं झाडाखाली पडलेलं एक चिमुकलं, मातकट पीस उचललं आणि हळूच पाण्यावर सोडलं. पिसानं एक गिरकी घेतली न घेतली, तोच मासा उसळून वर आला आणि बगळ्याची चोच खट्‌कन मिटली!

मासा घेऊन तो घरट्याकडे उडाला आणि आनंदानं फांदीवर थयथय नाचू लागला. "अहो, फांदी हलतेय, अंडी पडतील!" असं म्हणत बगळीनं हसत हसत बसल्या जागी मासा फस्त केला. मग ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला एक घासही ठेवला नाही मी!" बगळा म्हणाला, "असू दे गं, दुसरा आणतो." आणि खरंच घेऊन आला. घार कंटाळून केव्हाच निघून गेली होती.

तात्पर्य : आमिष आपल्या डोळ्यांना भावेल ते नव्हे, माशाच्या तोंडाला रुचेल ते निवडावं, आणि माशाला काय रुचतं, ते आधी पाण्याकडे बघून शिकावं.