केळशीकर मास्तरांचे ट्यूलिप

“मग माती बदलू का?”

दस्तगीरबाबा गुलाबाच्या काड्या तासत बसले होते.

“वाळू जास्त झाली असेल का? शेणखत मी चाळून घातलं होतं. ऊन सकाळचंच दिलं. पाणी एक दिवसाआड. पुस्तकात जे जे लिहिलंय ते सगळं केलं मी, बाबा.”

“असंल.”

केळशीकर मास्तरांना राग आला. वाईच्या शाळेत चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस तकियातल्या, म्हणजे फकिराच्या मठीतल्या, फाटक्या चटईवर येऊन बसतो, एका फकिराला प्रश्न विचारतो, आणि फकीर म्हणतो, असंल! पण विचारणार तरी दुसऱ्या कुणाला? फकिरी घेण्याआधी दस्तगीरबाबा चाळीस वर्षं वर पाचगणीला एका बंगल्यावर माळी होते. ट्यूलिपची फुलं त्यांनी स्वतःच्या हातानं फुलवली होती. बाकी गावानं ती कॅलेंडरवर पाहिलेली.

मास्तरांपुढं कुंडी होती. फडक्यात बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन आणलेली. कंदातून दोन रुंद पानं वर आली होती, जाड, निळसर, अगदी तब्येतीनं. दोन पानांच्या मध्ये मात्र काही नव्हतं. घरी अशाच आणखी पाच कुंड्या होत्या.

“पानं झ्याक हायती,” बाबा म्हणाले.

“पानं नकोयत मला!”

मास्तर एवढ्या जोरात ओरडले की, ओट्यावर पेंगणारी शेळी उठून चालू लागली.

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

“घरी कोन कोन?”

“मी आणि कुमुद. माझी बायको. त्याचा इथं काय संबंध?”

“फूल त्यास्नी पायजे व्हय?”

“नाही. तिला काय त्याचं... ती आजारी आहे. दसऱ्यापासून अंथरुणावर आहे.”

“मग कुनाला पायजे?”

मास्तरांनी कुंडीतली माती बोटानं सारखी केली.

बाबांनी एक काडी तासून बाजूला ठेवली, दुसरी उचलली. घाईत नव्हते ते. घाईत ते कधीच नसत, आणि मास्तरांसारख्या माणसाला याचाच फार त्रास होई.

“मास्तर, फूल न्हाईच आलं तर काय हुईल?”

साधा प्रश्न. कुणीही म्हणालं असतं, काय व्हायचंय, पुढच्या वर्षी बघू. मास्तरांनीही तेच म्हणायला तोंड उघडलं... आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

“दसऱ्याला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, वाट बघू. एवढंच. त्याच आठवड्यात कंदांचं पार्सल आलं. आणि मी... मी मनात धरलं, बाबा. हे फुललं तर ती राहील.”

“आनि न्हाई फुललं तर?”

मास्तरांनी कुंडी दोन्ही हातांनी धरली.

“समजलं.”

“कुणाला सांगू नका.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते साहजिक होतं. दर गॅदरिंगला अंधश्रद्धेवर तासभर बोलणारा हा माणूस. दुकानाला लिंबूमिरची टांगली म्हणून भर बाजारात वाण्याशी भांडलेला. आणि महिना-दीड महिना झाला, हाच माणूस उठल्याबरोबर कुंड्यांपाशी जात होता आणि कौल लावल्यासारखा पानांच्या मध्ये बघत होता. जानेवारी सरत आला तरी कौल मिळेना.

“सांगतो कुनाला?” बाबा म्हणाले. “माज्याकडं शेरडं येत्यात, नि तुमी येता.”

मग त्यांनी कुंडी जवळ ओढली, पालथी केली, हातानं थोपटली. मातीचा गड्डा चटईवर आला. माती झाडून त्यांनी कंद मोकळा केला आणि चाकू उचलला.

“अहो, बाबा! काय करताय?”

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. चाकू कंदावर नाही, कुमुदवरच चाललाय असं त्यांना वाटलं. खरोखर तसंच वाटलं.

“हात सोडा.”

“एकच तर...”

“हात सोडा, मास्तर.”

मास्तरांनी हात सोडला. डोळे मिटले.

चाकू कंदातून उभा गेला. कांदा चिरल्यावर होतो तसाच बारीक आवाज झाला.

“आता बगा.”

पदरावर पदर, पांढरे, रसाळ. आणि मधोमध, पानं जिथून निघाली होती तिथं, गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं. तपकिरी, वाळलेलं. बाबांनी ते नखानं उचलून मास्तरांच्या तळव्यावर ठेवलं.

“ह्ये फूल.”

“हे?”

“तुमच्या घरी आलं तवा जितं व्हतं. फूल कंदात आदीच बसल्यालं असतंय, मास्तर. आपुन नुसता गारवा द्याचा.”

“मग... मारलं कुणी?”

“गारवा कुठं दिला?”

“फ्रिजमध्ये. दहा आठवडे. रोजचं तापमान वहीत लिहिलंय मी.”

“शेजारी काय व्हतं?”

“शेजारी? काही नाही. भाजी... आणि सफरचंदं.”

बाबांनी चाकू खाली ठेवला.

मास्तरांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पिकत्या फळातून वायू सुटतो. म्हणून तर आंब्यांची आढी घालतात, एक पिकला की शेजारचे पिकत जातात. हे त्यांनी चौतीस वर्षं पोरांना लिहून दिलं होतं, फळ्यावर बाण काढून दाखवलं होतं. तोच वायू कंदातलं कोवळं फूल जाळतो. आणि दर सोमवारी बाजारातून येऊन, कंदांच्या पिशवीवर सफरचंदं रचून, फ्रिजचं दार कोणी लावलं होतं?

“इथिलीन,” ते हळूच म्हणाले.

“नाव मला ठावं न्हाई. बंगल्यावर खानसाम्यानं एका साली ह्येच केल्तं. समदा ताटवा नुसत्या पानांचा. सायेब माज्यावर डाफरलं.”

मास्तर तळव्यावरच्या दाण्याकडं बघत राहिले. खरं तर त्यांना लाज वाटायला हवी होती. पण छातीवरचा धोंडाच कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. सफरचंदं! फूल सफरचंदांमुळं गेलं होतं. कुणी काही सुचवत नव्हतं, कुणी काही कळवत नव्हतं, वरून कसलाही निरोप आलेला नव्हता. फळ पिकलं होतं आणि कळी वाळली होती. बस, एवढंच.

ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. कुंडीच्या फडक्यानं त्यांनी डोळे पुसले आणि गालाला चिखल लागला, तो त्यांना कळलाही नाही.

बाबांनी रडू दिलं.

“सफरचंदं खाल्ली कुनी?”

“तिनंच. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. उकडून, कुस्करून भरवायचो. आधी दोन चमचे खायची. मग अर्धं. आता अख्खं संपवते.”

“आता कशा हायती?”

‘तशीच आहे,’ असं मास्तर म्हणणार होते. चार महिने येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगत होते.

पण तिच्याकडं आपण नीट बघितलं तरी कधी? औषधं वेळेवर दिली होती. खाणं भरवलं होतं. पण बघायचं म्हणून बघितलं होतं ते फक्त कुंड्यांकडं.

“आज सकाळी...” ते आठवत म्हणाले, “आज ती स्वयंपाकघरात आली होती. स्वतः उठून. भिंतीला धरून धरून. उपमा चाखला आणि ओरडली माझ्यावर. मीठच नाही म्हणाली.”

“मग तुमी काय केलं?”

“मी... मी कुंडी बांधत होतो.”

शेळी परत येऊन बसली.

मास्तर एकदम उठले. घाईघाईनं बाहेर पडले, चपला राहिल्या म्हणून परत आले, दोन्ही हात जोडले, पुन्हा निघाले. असे भरभर चालताना त्यांना वाईत कुणी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

फाटकापाशी मात्र त्यांचा पाय थबकला. ते मागं वळले.

“बाबा, ती ओरडली... म्हणजे आता ती नक्की बरी होणार, असंच धरायचं ना?”

दस्तगीरबाबांनी गुलाबाची काडी उचलली, उजेडात धरून बघितली.

“मास्तर,” ते म्हणाले, “उपम्यात मीठ घाला.”