गेटवरची चौकशी

निवृत्त फौजदार रणदिवे सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि गेटवर दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी सुरू झाली. नाव काय, कोणाकडे, पूर्वी काही भानगड? सगळं वहीत, खाली साहेबांची सही. सोसायटीतल्याच मालिनीबाईंच्या सख्ख्या भाच्यालाही त्यांनी अर्धा तास उभं ठेवलं होतं.

एकदा मालिनीबाईंचा घसा सुजला. रणदिव्यांनी खिशातून चार कॅप्सूल काढल्या. "अ‍ॅमॉक्सिसिलिन. माझ्या दाढेसाठी दिलं होतं. दोन दिवसांत बरं वाटलं, मग थांबवलं. घ्या, डॉक्टर कशाला?"

बाईंना त्या नावाचा संशय आला. त्यांनी आपली दवाखान्याची जुनी फाईल चाळली आणि गेटवरची वही मागवली.

"लिहा साहेब. नाव, अ‍ॅमॉक्सिसिलिन. कोणाकडे? माझ्या पोटात. पाठवलं कोणी? डॉक्टरांनी, पण तुमच्याकडे. पूर्वी काही भानगड? याचाच भाऊबंद पेनिसिलिन तीन वर्षांपूर्वी येऊन गेला. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. बोला, सोडता आत?"

रणदिव्यांनी लिहिलं, 'प्रवेश नाही', आणि सवयीने खाली सही ठोकली.