बसलं की पळवायचं

पांगरवाडी नावाच्या गावात एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा तो जन्मापासून होता, ड्रायव्हर गेल्या महिन्यात झाला होता. त्याचं नाव उत्रेश्वर.

उत्रेश्वरला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आई एकदा म्हणाली, "दाराकडं लक्ष ठेव." चोर खिडकीतून आला, पातेली घेऊन खिडकीतूनच गेला. उत्रेश्वरनं दारावरची नजर हलवली नाही.

अशा उत्रेश्वरचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी शेजारच्या उंबरदऱ्याची, वैजयंता. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. त्यांना सगळे आप्पा म्हणत. उत्रेश्वर रीतीप्रमाणे मामा म्हणायचा.

मुलगी बघायला गेला तेव्हा मामा म्हणाले, "लाजू नका. आपलंच घर समजा."

उत्रेश्वरनं समजलं. चहा संपला तसा तो उठला. सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्या, मोरीत नेऊन घासल्या, पालथ्या घातल्या. मग कोपऱ्यातली उशी घेतली आणि आडवा झाला.

बैठकीतले सगळे एकमेकांकडं बघू लागले. वैजयंता मात्र ओढणीत तोंड लपवून हसली आणि आत जाऊन म्हणाली, "आप्पा, मला हाच पसंत. न सांगता कपबशा घासणारा परत चालून यायचा नाही."

मामांना एवढ्यावर पटेना. तीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस. माणसापेक्षा यंत्रावर त्यांचा विश्वास. ते उत्रेश्वरला म्हणाले, "नवी गाडी घेतोयस ना? मग बघू. नव्या इंजिनाला जो जपतो, तो बायकोला जपतो. पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालव. इंजिन बसू दे. बसलं की पळवायचं, त्याच्या आधी नाही. इंजिन बसलं की ये, त्याच दिवशी लग्नाची तारीख काढू."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

रात्रभर तो तेच घोकत होता. बसलं की पळवायचं. बसलं की पळवायचं.

मग गाडी आली. पांढरी, कोरी, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली. शोरूमच्या माणसानं किल्ली हातात देताना सांगितलं, "नवीन आहे. चाळीसच्या पुढं नेऊ नका."

"बरं. ध्यानात ठेवलं."

शोरूमपासून पांगरवाडी त्रेचाळीस किलोमीटर. संध्याकाळी उत्रेश्वर घामाघूम होऊन चालत घरी आला. हातात किल्ली, गळ्यात गाडीचा हार.

आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी. "गाडी कुठाय रं?"

"चाळीसच्या दगडापाशी. त्याच्या पुढं न्यायची नाही."

"आरं माझ्या कर्मा! ते रस्त्याचं नव्हं, काट्याचं सांगितलंय. समोर गोल तबकडीत काटा असतो बघ. काटा बघायचा, रस्ता नाही!"

"असं होय? बरं. ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी उत्रेश्वरनं गाडी आणली. काटा बघत आणली. काटा चाळीसला टेकू दिला नाही. रस्ता त्यानं पाहिला नाही. वळण आलं, रस्ता वळला, काटा काही वळला नाही. गाडी सरळ ज्ञानोबाच्या कडब्याच्या गंजीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

गंजीतून आवाज आला, "अडतीस!"

ज्ञानोबानं त्याला पाय धरून बाहेर ओढला. "आंधळा हाईस का? गंजीमागं माझी म्हस बांधलेली हाय! पुढं माणूस दिसलं, जनावर दिसलं की थांबायचं. ते हललं की मग निघायचं. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवलं."

बंपर जरा वाकला होता. तो सरळ करायला उत्रेश्वर मुनीरभाईंच्या गॅरेजात गेला. मुनीरभाई आसपासच्या सात गावांचे मिस्त्री. उत्रेश्वरनं विचारलं, "मुनीरभाई, इंजिन बसलं का हो?"

"बसायचं कसलं? ते जुन्या इंजिनांचं होतं रे बाबा. आताची कारखान्यातनंच बसून येतात. पहिल्या दिवसापासून चालव माणसासारखी."

उत्रेश्वरनं वाकून आत पाहिलं. "मला तर उभंच दिसतंय."

मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. हाताचं काळं ग्रीस कपाळाला लागलं.

ही गोष्ट मामांच्या कानावर गेली आणि बाजाराच्या दिवशी ते थेट गॅरेजात आले. "कारखान्यातनं बसून येतं म्हणे! अहो, माझ्या गिरणीचं नवं जातं पंधरा दिवस जाडंभरडं पीठ देतं. बसायला वेळ लागतो!"

"आप्पा, जातं दगडाचं असतं."

"मग इंजिन काय लोण्याचं असतं?"

निम्मा बाजार मामांच्या बाजूनं झाला, निम्मा मुनीरभाईंच्या. ज्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती ते सगळ्यात जास्त भांडले. उत्रेश्वरला दोघांचंही पटत होतं, कारण दोघंही मोठ्यानं बोलत होते. शेवटी मुनीरभाई म्हणाले, "लग्न तुमच्या घरचं, नियम तुमचा. पोरा, जप तू आपला."

उत्रेश्वर जपू लागला. रोज सकाळी बॉनेट उघडायचा आणि हळूच विचारायचा, "बसतोस का?"

असे दिवस गेले. चारशे किलोमीटर झाले. एका सकाळी बाजाराला निघालेल्या तीन बायका गाडीत होत्या. रस्त्याकडेला महादेवाचं देऊळ, आणि देवळासमोर अगदी रस्त्याला लागून काळ्या दगडाचा मोठा नंदी. उत्रेश्वरनं नंदी पाहिला आणि करकचून ब्रेक मारला. जनावर दिसलं की थांबायचं. ते हललं की निघायचं.

नंदी हलेना.

उत्रेश्वरही हलेना. गाडी बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इंजिन सुरूच. बायका कंटाळून चालत बाजाराला गेल्या. भाजी घेतली, बांगड्या भरल्या, भजी खाल्ली, चालत परत आल्या. उत्रेश्वर तिथंच. इंजिन घुर्रर्र करतंय, नंदी समोर बघतोय.

"लई शांत जनावर हाय," उत्रेश्वर कौतुकानं म्हणाला.

देवळाचा गुरव धावत आला. "आरं, तो दगडाचा हाय! जन्मात हलायचा नाही. जे हलत नाही त्याला पाणी घालायचं, हात जोडायचे आन् पुढं जायचं. एवढं सुदिक कळंना व्हय?"

"आता कळलं. ध्यानात ठेवलं."

आता सकाळपासून दुपारपर्यंत इंजिन सुरू ठेवलं की पेट्रोलचं काय होतं ते शहाण्यांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी माळावर, जिथं कुत्रंही नव्हतं, तिथं गाडी थांबली. उत्रेश्वरनं किल्ली फिरवली. हलेना. ढकलली. हलेना.

त्याला गुरवाचं आठवलं. जे हलत नाही त्याला पाणी घालायचं.

त्यानं बॉनेट उघडलं. पाणी कुठं घालायचं? इंजिनावर एक झाकण होतं आणि झाकणावर छोट्या किटलीचं चित्र होतं. उत्रेश्वरला कारखानेवाल्यांचं फार कौतुक वाटलं. सगळं चित्र काढून समजावलंय! त्यानं झाकण उघडलं, जवळच्या हापशावरून घागर भरून आणली आणि इंजिन तुडुंब भरेपर्यंत पाणी घातलं. झाकण लावलं. हात जोडले. मग मुनीरभाईंना फोन केला. "गाडी हलत नाही. पाणी घातलं, हात जोडले. आता पुढं जायचं राहिलंय."

मुनीरभाईंना पेट्रोल संपलं असणार एवढं कळलं. पाण्याचं त्यांना वाटलं, तोंडावर मारलं असेल. बिचारे बाटली घेऊन मोटरसायकलवरून आले. पेट्रोल घातलं. "मार आता."

गाडी सुरू झाली. थोडी पुढं गेली. मग आतून अडकित्त्यात दगड सापडल्यासारखा आवाज आला, एक हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

मुनीरभाईंनी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेलाचं ताक झालं होतं. त्यांनी ती पट्टी बराच वेळ उन्हात धरली. मग म्हणाले, "उत्रेश्वर, इंजिन बसलं रे."

"काय सांगता!"

"पार बसलं."

उत्रेश्वरनं त्यांना मिठी मारली. "पार बसलं! नुसतं नाही, पार! आणि तेही चारशे बारा किलोमीटरमध्ये! लोकांना हजार लागतात!"

हा धक्क्यानं बडबडतोय असं मुनीरभाईंना वाटलं. त्यांना दया आली. भावाचा ट्रॅक्टर आणून त्यांनी गाडी मागं दोरानं बांधून दिली. "घरी जा. पाणी पी. आणि हे बघ, ट्रॅक्टर भावाचा, नवा आहे, मागं गाडी ओढायचीय. दहाच्या पुढं नेऊ नकोस."

"काट्यावरचे ना?"

"हो रे बाबा, काट्यावरचे."

उत्रेश्वर घरी गेला नाही. पेढे घेतले आणि सरळ उंबरदऱ्याला गेला. मामा पिठानं पांढरे होऊन गिरणीच्या दारात उभे होते.

"मामा, तोंड गोड करा! इंजिन बसलं! काढा तारीख!"

मामांनी पेढा घेतला. "इतक्या लवकर? शाबास! आवाज कसा येतोय?"

"आवाजच नाही. एकदम गप बसलंय."

मामांचा पेढा तोंडाजवळ थांबला. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला. दोर पाहिला. बॉनेट उघडून पट्टी ओढली आणि ताक पाहिलं. मग ते गिरणीच्या पायरीवर मटकन खाली बसले.

"आप्पा, काय झालं?" वैजयंता आतून धावत आली.

"धक्का बसला गं," मामा कसेबसे म्हणाले.

"धक्का मी पण दिला मामा," उत्रेश्वर म्हणाला. "तरी हलली नाही."

वैजयंतानं पट्टी पाहिली, बापाच्या हातातला पेढा पाहिला, उत्रेश्वरचा आनंदी चेहरा पाहिला, आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना. पोट धरून तीही पायरीवर टेकली. "आई गं! मी पण बसले!"

उत्रेश्वर एकदम गंभीर झाला. बसलं की पळवायचं. पण इथं दोघं बसले होते. त्यानं मामांकडं पाहिलं, वैजयंताकडं पाहिलं.

"आता कुणाला पळवू?"

वैजयंतानं डोळे पुसले. "आप्पांचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "मला पळव."

आणि स्वतःच ट्रॅक्टरवर चढून चाकावरच्या पत्र्यावर नीट बसली. उत्रेश्वरनं ट्रॅक्टर सुरू केला. ट्रॅक्टर नवा, त्यामुळं काटा दहाला टेकू दिला नाही. बायकोही नवी होणार, म्हणून आणखी हळू केला. दोराला बांधलेली गाडी मागून डुलत निघाली.

मामा भानावर आले तेव्हा वरात वेशीपर्यंतच पोचली होती. ते उठले आणि गुडघे धरून पळत सुटले. "धरा रे! माझी पोरगी पळवली! पळवली!"

उत्रेश्वरनं मागं वळून पाहिलं. माणूस दिसलं की थांबायचं. तो थांबला.

"काय झालं मामा? एवढे का पळताय?"

"माझ्या... माझ्या पोरीला पळवलं!"

"अरेरे! कुणी?"

वैजयंतानं ओढणीत डोकं खुपसलं.

"घाबरू नका मामा," उत्रेश्वर खाली उतरून गाडीचं दार उघडत म्हणाला. "मी आहे ना. बसा मागं, दोघं मिळून गाठू त्याला."

मामांच्यात पळायचं त्राण उरलं नव्हतं. मामा बसले.

आणि बसल्यावर काय करायचं, ते उत्रेश्वरला पाठ होतं.