कॅप्सूलची पूड

सकाळचे सात वाजले होते. एका गावाच्या बुरूड आळीत एक बुरूडीण सुपासाठी बांबूच्या कामट्या काढत होती. कोयता निसटला आणि डाव्या तळव्यात खोल गेला.

आळीची रीत ठरलेली. किराणा दुकानातून जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणायच्या, एक फोडून पूड जखमेवर भुरभुरायची, एक-दोन गिळायच्या. ठणका थांबला की उरलेल्या फळीवर, पुढच्या जखमेसाठी. बुरूडीण दर वेळी हेच करत आली होती. याही वेळी तिने तेच केलं.

पण हात भाकरीसारखा फुगला. पू धरला. बोटं मिटेनात. बोटंच मिटली नाहीत तर विणायचं कशानं?

तालुक्याच्या दवाखान्यात नर्सने कापसाच्या बोळ्यावर पू घेऊन तपासायला पाठवला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "बाई, तुमच्या जखमेतले जंतू कोडगे झालेत. अर्धा मार देऊन सोडलेलं पोर होतं ना, तसे. औषधाला भीक घालत नाहीत."

"मग हात जाणार?"

"एकच औषध लागू पडतंय. दहा दिवस सुया. नवव्या दिवशी पळालात तर मला तोंड दाखवू नका!"

चौथ्या दिवशी सूज उतरली. नवरा न्यायला आला. "अगं, लग्नसराई तोंडावर आलीय. सुपं काय मी दातांनी विणू? बरी झालीस, चल."

बुरूडणीने मूठ वळून पाहिली. निम्मीच वळली.

"अर्धवट बरी होऊनच इथवर आले मी," ती म्हणाली. "तुम्ही जा, कामट्या काढा. आणि कोयता जपून धरा."

दहाव्या दिवशी मूठ घट्ट मिटली. बुरूडीण रडली. घरी जाऊन तिने पहिलं सूप विणलं, ते नर्सला नेऊन दिलं.

"अहो, मी यात काय पाखडू?"

"काहीही पाखडा, बाई. देवाचं दुसरं विणते. पहिलं तुमचं."

आता आळीत कुणी कॅप्सूल फोडायला घेतली की बुरूडीण आपला तळवा त्याच्या नाकापुढे धरते.

तात्पर्य: मनानं घेतलेलं आणि मध्येच टाकलेलं औषध रोगालाच कोडगं करतं. बुरूडीण हे शिकली. मात्र किराणा दुकानात ही औषधं कोण पोचवतं, असं नर्सने औषध खात्याच्या कचेरीला लेखी विचारलं, त्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही.