राहणार आंबेखोल

प्लेगच्या साथीत आंबेखोल गाव उठलं आणि तालुक्याच्या दप्तरात त्याची 'ओसाड' म्हणून नोंद झाली. वर्षभरात माणसं परतली, पण नोंद काही बदलली नाही. मग ओसाड गावाला सरकारी विहीर कोण देणार? कोंडाबाईचा उभा जन्म नदीवरून हंडे वाहण्यात गेला.

यंदा बायकांनी कचेरीसमोर ठाण मांडलं, तेव्हा मामलेदार रणनवरे तणतणत गावात आले. भरल्या पारावर बसून त्यांनी तलाठ्याला पंचनामा सांगितला, "लिहा, मौजे आंबेखोल येथे मनुष्यवस्ती नाही. सरकारी दप्तर खोटं असतं होय? हं, आता गावातल्याच दोन पंचांचे अंगठे घ्या."

पारावरची माणसं मागं सरकली. कोंडाबाई मात्र पुढं झाली.

"मी देते की अंगठा, साहेब. फक्त माझ्या नावापुढं राहणार कुठली, ते आधी लिहा."

तलाठ्याची लेखणी थांबली. आंबेखोल लिहावं तर पंचनामा खोटा, न लिहावं तर पंच खोटा! रणनवऱ्यांनी कपाळाचा घाम पुसला, कागद टरकावला आणि पुटपुटले, "लिहा, मनुष्यवस्ती आहे."

कोंडाबाईनं अंगठा उमटवला आणि डोईवरचा हंडा उतरावा तसा श्वास सोडला.

"जन्मभर इथंच राहिले गं बायांनो, पण गावात आले ती आज!"