दोन बटणांचं काम

"…पण मशीनला सगळं आठवतं, मग मी अख्खी कमांड पुन्हा कशाला टाइप करू, बुवा?"

विचारताना पराशर दिवेकरची बोटं चालूच होती. पुण्याचा पोरगा, लिनक्स कोळून प्यायलेला. मठात येऊन चार दिवस झाले नाहीत तोच आम्हालाच शिकवायला लागला होता.

आमचे मारुतीबुवा पूर्वी कुठल्याशा कंपनीत सर्व्हर सांभाळायचे. आता माणदेशातल्या या मठात धनगरी ओव्या रेकॉर्ड करून जपतात; मी त्यांच्या हाताखाली.

"टाइप कर. वाच. मग एंटर दाब," बुवा म्हणाले.

"त्यात वाचायचं काय? उद्गारचिन्ह आणि आर. आरपासून सुरू होणारी शेवटची कमांड आपोआप धावते. दोन बटणं, काम फत्ते!"

"कुठली धावणार, ते आधी दिसतं का?"

"माझ्या लक्षात असतं."



समोरच्या फोल्डरमध्ये बिरा हुलगेच्या ओव्या होत्या. म्हातारा नुकताच वारला. बापाचा आवाज ऐकायला त्याची लेक तुळसा सकाळीच चालत आली होती, बाहेर ओट्यावर बसली होती. ओव्यांची दुसरी प्रत जगात कुठं नव्हती. पराशर तीच काढायला बसला होता. प्रत काढायची कमांड आरपासून सुरू होते; सकाळपासून बाकीच्या फोल्डरांवर तो तीच चालवत होता.

पण मघाशी या शहाण्यानं दुसऱ्या फोल्डरमधला कचरा पुसला होता. पुसायची कमांडही आरपासूनच सुरू होते, आणि समोर जो फोल्डर उघडा असेल तोच ती पुसते.

त्यानं दोन बटणं दाबली. एंटर.

फोल्डर रिकामा.

"अरे देवा…" पराशर पुटपुटला.

"काय केलंस?" बुवा ओरडले.

"थांबा, थांबा! येतात परत. पुसलेल्या फायली काढायचं सॉफ्टवेअर असतं, ते उतरवून घेतो."

एक उतरवलं. चाललं नाही. लगेच दुसरं उतरवायला लावलं. बोटं नुसती पळत होती, थांबायचं नाव नाही. त्याही घाईत तो आम्हाला कुठलं चांगलं, कुठलं फालतू ते सांगत होता!

बुवा उठले. मशीनची वायर धरली आणि भिंतीतून खसकन उपटली. पडदा काळा झाला.

"डोकं फिरलंय का तुमचं?" पराशर किंचाळला. "मी परत आणत होतो!"

"ते सॉफ्टवेअर उतरवत कुठं होतास?"

"इथंच… याच डिस्कवर."

"मूर्खा, पुसलं तेव्हा फायलींची नुसती नावं गेली होती! ओव्या जागच्या जागी होत्या. तू त्यांच्या उरावर नवीन लिहीत सुटलास."

बुवांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, माझेही हात शिवशिवत होते.

"मग आता… काय करू?"

"हात मांडीखाली घे."

"आणि?"

"आणि काही नाही. डिस्क काढून मी दुसऱ्या मशीनला लावतो. तू उरवलं असशील तेवढं मिळेल."

पराशर हात मांडीखाली घेऊन बसला. लाल झाला होता नुसता.

आरडाओरडा ऐकून तुळसा दारात आली.

"काय झालं, बुवा? आबाचा आवाज मिळंल न्हवं?"

बुवा पराशरकडं बघत राहिले…

पराशरच बोलला. "त्याचं काय आहे ताई, मशीन जरा जुनं आहे. त्यात इथल्या लाइटचा प्रॉब्लेम…"

बुवांनी हातातली वायर त्याच्यापुढं आपटली.

"इथंही खऱ्याच्या उरावर नवीन लिहायला लागलास?"